हिरव्याचा ल्युमिनन्स

उभ्या शहादा तालुक्यात ल्युमिनन्स म्हणजे काय हे नीट कळलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, नवनीत! असं मी परवाच्या आखाजीपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता कोणी विचारलं तर मी उसाच्या लागवडीबद्दल बोलतो. कारखान्याच्या शेतकी खात्यात मी कारकून आहे, पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि ऊस हा विषय मला झेपतो.

फोटो सुधारण्याचा नाद लागला तो मोबाईलमुळे. एक ॲप उतरवून घेतलं, अकरा दिवस व्हिडिओ बघितले आणि बाराव्या दिवशी मी गुरू झालो! पहिली शिष्या अर्थातच बायको. स्वप्नाली मास्तरांची मुलगी. तिच्या माहेरी पुस्तकी मराठी बोलतात, त्यामुळे रागावली तरी ती शुद्धच रागावते.

"सांग बघू, ब्राइटनेस आणि ल्युमिनन्समध्ये फरक काय?"

"तुम्ही दळण आणणार होता."

"ब्राइटनेस म्हणजे चौकातला मोठा दिवा! तो लागला की ओट्यावरही उजेड आणि उकिरड्यावरही उजेड. ल्युमिनन्सचं तसं नाही. तिथे प्रत्येक रंगाला स्वतःची पट्टी. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा... ज्याची पट्टी उजवीकडे सरकवशील तेवढाच रंग उजळणार. बाकीचे जागच्या जागी!"

"पिशवी पिवळ्या रंगाची आहे. दाराआड. तिला उजळायची गरज नाही, नुसती उचला."

ज्ञानाची घरात किंमत नसते. पण ऑफिसात होती! शेतकी अधिकाऱ्यांचा चेहरा मी नारिंगी, म्हणजे कातडीच्या रंगाच्या, पट्टीने असा उजळवला की त्यांनी तो फोटो ग्रुपवर लावला, आणि दोन दिवस त्यांच्याच गावचे लोक त्यांना विचारत होते, हे नवीन साहेब कधी आले? मी ती दाद समजलो. तेव्हाच कोणीतरी माझ्या हातातून मोबाईल काढून घ्यायला हवा होता.

आखाजीला आठ दिवस असताना कळसाडीहून भाईदासदादा आला. माझा मोठा चुलतभाऊ, कापूस-उसाचा शेतकरी, बोलायला कमी. बरोबर शोभावहिनी. दादाने बंडीच्या आतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. हाताच्या पंजाएवढी फ्रेम, काच तडकलेली, आत एक काळवंडलेला रंगीत फोटो.

"मन्ही मायना शे," तो म्हणाला. "सारंगखेडानी जत्रामां काढेल. एकच शे."

त्याची माय म्हणजे धनुबाई, माझी मोठी आई. दादा पाच वर्षांचा असताना ती तापाने गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मोठाबांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, पुन्हा लग्न केलं नाही.

"तू म्हने फोटोमां उजेड पाडस," दादा म्हणाला. "तिन्हा चेहरा साफ दखावाले पाहिजे. बस, तेवढंच कर. आखाजीले घागरजोडे ठेवसूत."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर जेवायला येतात. पाण्याची मातीची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं बोट लावायचं, आणि सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. बेचाळीस वर्षं धनुबाई त्या काळ्या पडलेल्या फ्रेममधूनच जेवायला येत होती.

"काच तडकेल शे, भाऊ," शोभावहिनी म्हणाल्या. "तडकेल फोटो घरमां ठेवतस नही. नवा व्हयना का हाऊ तापीमां सोडी द्या."

"पहिले नवा दखू," दादा म्हणाला. "मंग सोडसूत."

ही दोन वाक्यं नीट लक्षात ठेवा. मला एकच लक्षात राहिलं, आणि तेही चुकीचं.

रविवारी ओट्यावर बसून मी कामाला लागलो. फोटोचा फोटो काढला. नारिंगीची पट्टी हळूच उजवीकडे नेली. आणि काय सांगू! अंधाऱ्या खोलीतून कोणी दाराशी यावं तशी एक बाई पुढे आली. रुंद कपाळ, दादासारखंच नाक, ओठ मिटलेले पण हसू आवरलेलं. मी तिथेच थांबलो असतो तर आज कळसाडीत माझी आरती झाली असती. पण ज्याला थांबता येतं तो अकरा दिवसांत गुरू होत नाही!

चेहरा उजळला तसे त्यावरचे डाग उठून दिसायला लागले. हनुवटीवर हिरवट ठिपके, कपाळावर एक. फोटोच्या कडेला बुरशीचे ठिपके होतेच, तसलेच हिरवट. मी निदान केलं. बुरशी! तसं गोंदण मी पाहिलं नव्हतं असं नाही. म्हाताऱ्यांचे गोंदलेले हात बघतच मी मोठा झालो. पण फोटो मोबाईलवर आला की मला माणूस दिसत नाही, पट्ट्या दिसतात. हिरव्याचा ल्युमिनन्स धरला आणि थेट शेवटपर्यंत नेला. निळ्याचाही नेला. डाग गायब! कडेची बुरशीही गायब! अंगावरचं हिरवं लुगडं दुधात बुडवल्यासारखं झालं, तर मी म्हटलं, वा, क्रीम कलर! कपाळावरचं कुंकू काळपट पडलं होतं, म्हणून लालची पट्टीही सरकवली.

ॲपने विचारलं, मूळ फोटो तसाच ठेवून वेगळी कॉपी करायची का? त्या व्हिडिओवाल्याने अकरा दिवसांत अकरा वेळा सांगितलं होतं, आधी कॉपी करा. पण मोबाईल भरत आला होता, आणि बुरशी लागलेल्या फोटोची कॉपी ठेवून करायचं काय? मी 'नाही' दाबलं.

स्वप्नालीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.

"ह्या कोण?"

"मोठी आई! धनुबाई!"

"मला वाटलं बँकेच्या मॅनेजर." मग ती गंभीर झाली. "जुना फोटो मात्र जपून ठेवा हं."

बायको बरोबर बोलली की मला ते टोमणेच वाटतात. हा माझा जुना दोष आहे.

शहाद्याला जाऊन मोठी प्रिंट काढली, सोनेरी फ्रेम करून घेतली. आखाजीच्या आदल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, तरी मोटरसायकल काढून तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलो. वहिनींची आज्ञा होती ना! काठावर उभं राहून एका हातात तो जुना फोटो धरला आणि दुसऱ्या हाताने सेल्फी काढला. स्टेटस टाकलं: 'जुन्याला निरोप, नव्याचं स्वागत!' मग नमस्कार करून फोटो तापीत सोडला. काच जड, लगेच बुडाला. येताना मला फार पवित्र वाटत होतं.

आखाजीच्या सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आम्ही कळसाडीला पोचलो. घर भरलेलं. मोठाबा उंबरठ्याशी बसून कुंकवाची बोटं लावत होते. वय ब्याऐंशी. हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं दिसतं, न दिसलं तर बरं असंसुद्धा! धनुबाईची धाकटी बहीण वत्सलामावशीही आली होती. भाईदासदादाने घागरीमागची जागा आधीच सारवून ठेवली होती, मधोमध एक पाट. नवीन बंडी घातली होती. मी मोठ्या थाटात कागद फाडला आणि फ्रेम पाटावर उभी केली.

मी टाळ्यांसाठी थोडा वेळ थांबलो.

"हाई कोन शे?" मोठाबांनी विचारलं.

"मोठाबा, वळखी नही का? धनुमाय!"

मोठाबा उठले. कुंकवाचं बोट तसंच वर धरून फ्रेमजवळ आले. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"नवनीत, मी जित्ता शे का मरी गवू?"

"जित्ता शेतस, मोठाबा! असं काय बोलतस?"

"मंग हिले धवळं लुगडं कोनी नेसाडं?" खात्रीसाठी त्यांनी स्वतःच्या छातीवर दोनदा थाप मारली. "कपायवर कुंकू नही! अरे, ती अहेव गयी. हिरवं लुगडं नेसाडीसन, मळवट भरीसन मी तिले धाडी. आनि तू तिले मन्हा जितेपनी रांडव करी टाकी?"

मी फ्रेमकडे पाहिलं. क्रीम कलर कसला, ते चक्क पांढरं होतं! तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर पत्ते कुटणारे दोघे धावत आले. त्यांना दारातून एवढंच दिसलं होतं, नवीन मोठ्ठा फोटो आणि छाती बडवणारा म्हातारा.

"कोन गयं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कोनी नही गयं!" मोठाबा गरजले. "जी गयेल व्हती तिलेच हाऊ परत मारी ऱ्हायना!"

आता शहाण्या माणसाने पाय धरले असते. मी समजावून सांगायला गेलो!

"मोठाबा, त्यानं असं शे, हिरवाना ल्युमिनन्स जरासा जास्ती व्हयना..."

"कोन शे तो? बलाव त्याले आठे!"

वत्सलामावशी एव्हाना फ्रेमसमोर जाऊन बसली होती. तिने चष्मा पुसला. मग फोटोतल्या हनुवटीवर बोट फिरवलं, आणि तेच बोट स्वतःच्या हनुवटीवर.

"हिनं गोंदन कोठे गयं?" ती म्हणाली.

बुरशी, बुरशी म्हणून मी काय पुसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"आम्ही दोन्ही बहिनी जत्रामां संगेच गोंदी लिन्हं व्हतं," मावशी म्हणाली. ओरडली नाही, त्याचंच जास्त लागलं. "सोनं आठेच ऱ्हास रे पोऱ्या. लुगडंबी आठेच ऱ्हास. गोंदन तेवढं संगे जास. आनि तू तेच पुशी टाकं!"

"थांबा! थांबा!" मी मोबाईल काढला. "जेवढी पट्टी उजवीकडे नेल शे तेवढी डावीकडे आनस! व्हई जाई पहिलासारखं!"

सगळे माझ्याभोवती जमले. मी हिरव्याची पट्टी डावीकडे ओढली. काही झालं नाही. अगदी टोकापर्यंत ओढली. लुगड्याच्या काठाशी थोडी राखाडी छटा आली, सिमेंटच्या भिंतीवर ओल धरावी तशी. हनुवटी कोरीच! ल्युमिनन्स मला खरा कळला तो तेव्हा. उजेड वाढवत नेला की रंग फिका होत होत पांढरा होतो, आणि एकदा पांढरा झाला की तिथे हिरवं काय होतं, ठिपका कुठे होता, हे मोबाईललाही आठवत नाही. पट्टी परत येते, रंग येत नाही. बारावा दिवस उजाडण्याआधी हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता भाईदासदादा पुढे आला.

"जुना फोटो आन."

मी हिरव्याची पट्टी आणखी एकदा ओढून पाहिली.

"नवनीत, जुना फोटो कोठे शे?"

"सोडी दिन्हा. प्रकाशाले. काल."

शोभावहिनींनी पदर तोंडाला लावला. स्वप्नालीने माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं.

"पहिले नवा दखू, असं म्हननू व्हतू ना मी?" दादा म्हणाला. आवाज इतका खाली की पत्तेवाल्यांना ऐकूही गेला नसेल. तो घागरीशेजारी जमिनीवरच बसला. पन्नाशीला आलेला, उन्हात रापलेला तो माणूस तिथे बसला, आणि खरं सांगतो, मला तो पाच वर्षांचा दिसला.

आणि मला एकदम आठवलं. सेल्फी! जुना फोटो हातात धरून काढलेला सेल्फी! "शे! शे! मोबाईलमां शे!" मी ओरडलो. दादा उठला. मोठाबा आले, मावशी आली, पत्तेवालेही आले. मी सेल्फी उघडला आणि दोन बोटांनी मोठा करत गेलो. तापीचं पाणी स्वच्छ! पलीकडचा काठ स्वच्छ! माझे बत्तीस दात मोजून घ्या इतके स्वच्छ! हातातली फ्रेम दिसली. लुगडं हिरवं! कपाळावर कुंकू! कपाळावरचा ठिपकासुद्धा! आणखी मोठं केलं. नाक, ओठ... आणि ओठांच्या खाली, बरोबर हनुवटीवर, माझा अंगठा.

"आंगठा सरकाव ना रे!" मावशीने काचेवर बोट घासून माझा अंगठा बाजूला करायचा प्रयत्न केला. दोनदा केला.

आयुष्यात मी पुष्कळ फोटोंत नको तिथे आलो आहे. लग्नात नवरदेवापुढे, सत्कारात पाहुण्यापुढे. पण इतका नको तिथे कधीच आलो नव्हतो.

"मी परत काढी देस ना! मोबाईलवर ठिपका देता येतंस!" मी म्हणालो. "फक्त सांगा, हनुवटीवर कितला व्हतात?"

"तीन," मोठाबा म्हणाले.

"तीन मन्हा शेत!" मावशी उसळली. "तिन्हा चार व्हतात, दाजी! इतला वरीस संसार करा आनि मोजाबी नहीत?"

"मी काय बायकोनी हनुवटी मोजत बसनू व्हतू का? मन्हा मांगे बैलं व्हतात, वावर व्हतं!"

"पाच," भाईदासदादा म्हणाला.

दोघं त्याच्याकडे वळले.

"पाच व्हतात. माय मले मांडीवर ले, मन्हं बोट धरे, आनि हनुवटीवर फिरावे. एक, दोन, तीन, चार, पाच. मी शायमां गवू तवय पाचपावत मोजता येतच व्हतं मले. तिन्हा चेहरा मले आठवत नही. तेवढंच आठवस. रोज सकायले त्या फोटोवर मोजी लेवो, मंग वावरमां जावो."

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान उलट बोलता आलं असतं. त्याने शिवी दिलीच नाही.

दादा आत गेला आणि काजळाची डबी आणि आगकाडी घेऊन आला. फ्रेमसमोर मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. थोडं डावीकडे नेलं, थोडं खाली. बोट एका जागी थांबलं. मग डोळे उघडून त्याने काडीने तिथे ठिपका दिला. पुन्हा डोळे मिटले. असं पाच वेळा. सांजोऱ्या तळणाऱ्या बायकासुद्धा झारा धरून दारात उभ्या राहिल्या.

मोठाबांच्या बोटाला पितरांसाठीचं कुंकू अजून लागलेलं होतं. ते त्यांनी काचेवरच्या कपाळाला लावलं, चांगलं अधेलीएवढं. शोभावहिनी ट्रंकेतून हिरवा खण घेऊन आल्या आणि त्यांनी तो फ्रेमला गळ्याखालून गुंडाळला. त्यावर पोपट होते, आणि कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ते काही चांगलं दिसत नव्हतं. कुंकू नाकावर ओघळलं होतं, पाचवा ठिपका जवळजवळ गळ्यावर गेला होता. माझ्यातल्या गुरूचा हात अजूनही शिवशिवत होता, हे सांगायला मला लाज वाटते. पण मोठाबांनी फ्रेम डोळ्यांजवळ नेली, मान हलवली आणि म्हणाले, "हां. आते वळखू येस."

नैवेद्य झाला, पंगत बसली. मला मुद्दाम आग्रह करून आमरस वाढला, पुन्हा वाढला. एकाने तरी म्हणावं ना, नवनीत, तू गाढव आहेस! कोणी म्हणेना. दादाच्या हातावर काजळ होतं, ते धुवायचं राहूनच तो जेवत होता.

हात धुताना तो माझ्याजवळ आला. मोठाबांना तो आबा म्हणतो.

"नवनीत, आबाना बी एक फोटो काढी ठेवना शे. जित्तापनी. धड."

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, किती मोठं मन! हात पुसत मी मोबाईल काढला. "आत्ते काढस, दादा! आठेच, उजेड चांगला शे!"

"तू गाडी काढ," दादा म्हणाला. "आत्ते नही, सन व्हई जाऊ दे. शहादाले स्टुडिओमां जासूत. तू फक्त गाडी चालाड."

तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. मोबाईल स्वप्नालीने घरीच ठेवून घेतला. स्टुडिओत मोठाबा पांढरं धोतर, सदरा आणि टोपी घालून खुर्चीवर ताठ बसले, दादाने त्यांची कॉलर नीट केली. फोटोग्राफरने एक फोटो काढला, कॉम्प्युटरवर पाहिला आणि अगदी सहज विचारलं, "बाबा, चेहरा थोडा उजळ करू का?"

मोठाबा आणि दादा दोघांनी एकदम वळून माझ्याकडे बघितलं.

मी बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो.